सर किती चांगले आहेत! : ॲनिमेतला हसरा गुरू खलनायक कसा निघतो

दहावीची परीक्षा संपली त्या संध्याकाळी माझ्या भाचीने 'ब्लीच' ही ॲनिमे, म्हणजे जपानी कार्टून मालिका बघायला घेतली. जुन्या मालिकेचेच ३६६ भाग, म्हणजे सुट्टीला पुरून उरतील एवढे. आठवड्याभराने मेसेज आला, "मामा, तो चष्मेवाला कॅप्टन किती गोड आहे!" मी फोन पालथा ठेवला आणि चहा टाकायला उठलो.

तो चष्मेवाला कॅप्टन म्हणजे सोसुके आयझेन. तो खरा कोण आहे हे ज्यांना माहीत आहे त्यांना मी फोन पालथा का ठेवला ते कळलं असेल. ज्यांना माहीत नाही आणि 'ब्लीच', 'मादोका मागिका', 'द प्रॉमिस्ड नेव्हरलँड' किंवा 'फुलमेटल अल्केमिस्ट' कोरं बघायचं आहे, त्यांनी इथूनच परत फिरावं. पुढे सगळी भांडी फुटणार आहेत. भाचीला हा लेख दाखवलेला नाही.

आपल्याकडे अशा माणसांसाठी शब्दांची ददात नाही. वरून कीर्तन आतून तमाशा, ओठात एक पोटात एक, केसाने गळा कापणे. मला त्यातलं शेवटचं सगळ्यात आवडतं, कारण त्यात हत्यार मऊ आहे. पण म्हणी फक्त माणूस दुटप्पी आहे एवढं सांगतात. ॲनिमेतला हा प्रकार त्याहून थोडा गुंतागुंतीचा आहे. मित्र उलटला, भाऊ उलटला तर प्रेक्षकाला वाईट वाटतं. गुरू उलटला की त्याच्या पायाखालची जमीनच जाते. असं का होतं?

उत्तर गुरूच्या कामात आहे. ॲनिमेतलं जग बहुतेक वेळा बनवलेलं असतं. तिथे आत्म्यांचे तेरा दल असतात, तलवारींना नावं असतात, किमयेचे कायदे असतात. यातलं काहीच नायकाला माहीत नसतं, आपल्यालाही नसतं. मग कुणीतरी समजावून सांगावं लागतं, आणि ते काम गुरूकडे येतं. तो नायकाला शिकवतो तेव्हा लेखक त्याच्या तोंडून आपल्याला शिकवत असतो. म्हणजे आपण ज्याच्यावर विश्वास टाकतो तो नुसता चांगला माणूस नसतो, त्या जगाचं एकमेव पाठ्यपुस्तक असतो. तो खोटा निघाला की प्रश्न त्याच्यापुरता राहत नाही. आजवर जे जे नियम शिकलो त्यातले खरे किती, हा हिशेब नव्याने मांडावा लागतो.

हे सगळ्यात स्वच्छ दिसतं ते आयझेनमध्येच, म्हणून त्याच्यापाशी जरा थांबू.

टिटे कुबोची 'ब्लीच' ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, 'शोनेन जंप' या साप्ताहिकात २००१ ते २०१६ चालली. त्यात आत्म्यांची व्यवस्था बघणाऱ्या मृत्युदेवांची तेरा दलं आहेत, आयझेन त्यातल्या पाचव्या दलाचा कॅप्टन. मृदू आवाज, कपाळावर रुळणारे तपकिरी केस, जाड काड्यांचा चष्मा. हाताखालची माणसं त्याच्यावर जीव टाकतात. त्याची उपकॅप्टन मोमो हिनामोरी तर इतकी, की मन अस्वस्थ झालं म्हणून रात्री त्याच्या खोलीवर जाते आणि तिथेच निर्धास्त झोपी जाते. दुसऱ्या दिवशी उंच भिंतीवर त्याच्याच तलवारीने खिळलेलं त्याचं प्रेत तिला दिसतं. मग त्याच्या नावाची चिठ्ठी सापडते, त्यात लहानपणापासूनच्या मित्राचं, हित्सुगायाचं, नाव खुनी म्हणून असतं, आणि ही पोरगी रडत रडत त्याच मित्रावर तलवार उपसते.

प्रेत अर्थातच खोटं. आयझेन जिवंत भेटतो, तिला जवळ घेतो, धीर देतो आणि त्याच मिठीत तिच्या अंगात तलवार खुपसतो.

धक्का इथे बसतो, पण खरी कारागिरी त्याच्यानंतरच्या खुलाशात आहे. आयझेनच्या तलवारीचं नाव क्योका सुइगेत्सु, अर्थ 'आरशातलं फूल, पाण्यातला चंद्र'. दिसतं पण हाती लागत नाही अशा गोष्टीसाठीचा तो जुना शब्दप्रयोग आहे. आयझेनने सगळ्यांना सांगून ठेवलेलं असतं की ही पाण्याच्या जातीची तलवार आहे, धुकं आणि पाण्याचे कवडसे पाडून शत्रूला गोंधळवते. नुसतं सांगितलं नाही, सहकाऱ्यांना गोळा करून प्रात्यक्षिकही दिलं. किती जबाबदार अधिकारी! प्रत्यक्षात ती तलवार संपूर्ण संमोहनाची असते. आणि संमोहन कुणावर चालतं? ज्याने ती तलवार एकदा म्यानाबाहेर जागी होताना पाहिली त्याच्यावर.

म्हणजे धडा हाच सापळा होता. शिकायला जमलेले सगळे त्या क्षणी अडकले. मी बरीच वर्षं ॲनिमे बघतोय, पण 'शिकवणं' या क्रियेतच विष कालवायची इतकी नेटकी युक्ती दुसरी आठवत नाही.

याच्यापुढे कुबोने आणखी एक खोड काढली आहे. नवव्या दलाचा कॅप्टन कानामे तोसेन आंधळा. तलवार जागी होताना त्याला दिसूच शकत नाही, म्हणून त्याच्यावर संमोहन चालत नाही. मग तो कुणाच्या बाजूचा असणार? पहिल्या दिवसापासून आयझेनच्या. ही गोष्ट आपल्या डोळ्यांसमोर, भर उजेडात ठेवलेली असते. फक्त नियमच चुकीचा शिकलेला असल्यामुळे तिचा अर्थ लागत नाही.

मग टेकडीवर सगळ्यांसमोर आयझेन चष्मा काढतो, मुठीत चुरडतो आणि दुसऱ्या हाताने केस मागे सारतो. एक बट तेवढी कपाळावर उरते. काही सेकंदांचं काम, पण त्यानंतर तो माणूस वेगळा दिसतो. चष्मा हे चित्रकाराचं जुनं हत्यार आहे. काचेवर पांढरी चमक मारली की डोळे गायब होतात, खाली हसू तेवढं राहतं, आणि डोळ्यांवाचून हसू वाचता येत नाही. आपण इतके भाग त्या हसण्याला 'प्रेमळ' म्हणत होतो, कारण काचेमागे काय आहे ते आपणच भरत होतो. आयझेन हे तोंडाने बोलूनही दाखवतो. त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ असा, की एखाद्याविषयी भक्ती वाटणं आणि तो माणूस कळणं यांच्याइतकं एकमेकांपासून लांब काहीच नाही.

यावर चाणाक्ष वाचक म्हणेल, मग भक्ती नको, संशय घ्यावा. कुबोने तीही वाट बंद केली आहे. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी आयझेन ज्याच्या हाताखाली होता तो शिंजी हिराको त्याला पहिल्यापासून ओळखून होता. संशय होता म्हणूनच त्याने आयझेनला अंतरावर ठेवलं, कधी जवळ येऊ दिलं नाही. आणि म्हणूनच एके दिवशी आयझेनने आपल्या जागी दुसराच माणूस मागे चालायला ठेवला, तर हिराकोला फरक कळला नाही. जवळ गेलेली हिनामोरी फसली, लांब राहिलेला हिराकोही फसला.

प्रेक्षक संशय घेणार हे लेखकाला ठाऊक असतं, म्हणून तो संशयाला चरायला वेगळं कुरण देतो. 'ब्लीच'मध्ये ते कुरण म्हणजे गिन इचिमारू. डोळे सतत मिटल्यासारखे, ओठांवर कोल्ह्याचं हसू. जपानी चाहत्यांकडे अशा पात्रांसाठी 'इतोमे' असा शब्दच आहे, म्हणजे दोऱ्यासारख्या बारीक डोळ्यांचा. असा माणूस पडद्यावर आला की सराईत प्रेक्षक लगेच कान टवकारतो. १९९६ च्या 'स्लेयर्स नेक्स्ट'मधला झेलॉस असाच. हसरा, अदबशीर, आणि काहीही विचारलं तरी बोट हलवत "ते गुपित आहे" म्हणणारा. त्याला आवाज देणाऱ्या आकिरा इशिदाविषयी तर चाहत्यांत गंमतच रूढ आहे, की याचा गोड आवाज ऐकू आला की पाकीट सांभाळा. गिनकडे बघून आपण 'हाच तो' म्हणत राहतो आणि शेजारी उभ्या चष्म्याकडे कुणी पाहत नाही. बिचाऱ्या गिनच्या पोटात त्याहून तिसरंच काहीतरी शिजत असतं, पण ते भाचीसाठी सोडून देतो.

दुसरं कुरण किस्के उराहारा. पट्ट्यापट्ट्यांची टोपी, लाकडी खडावा, हातात पंखा, किराणा दुकानाचा मालक आणि कथेचा नायक इचिगो याचा पहिला शिक्षक. आपल्या विषयाचा हसरा गुरू खरं तर हाच. आणि तो लबाडही आहे. इचिगोची मृत्युदेव मैत्रीण रुकिया हिच्या आत्म्यात त्याने तिला न विचारता एक भयंकर वस्तू लपवलेली असते. पण तो खलनायक नाही. एकाच कथेत संशयास्पद दिसणारा भला गुरू आणि भला दिसणारा घातकी गुरू दोन्ही ठेवले की प्रेक्षकाचा अंदाज बांधायचा काटाच बिघडतो.

जपानीत पडद्याआडून खेळ चालवणाऱ्याला 'कुरोमाकु' म्हणतात. शब्दशः काळा पडदा. शब्द काबुकी रंगभूमीवरून आला आणि पुढे राजकारणातल्या पडद्याआडच्या मंडळींना चिकटला. आपल्याकडे उलटा प्रवास झालाय. नाटकात नांदीनंतर प्रेक्षकांसमोर येऊन बोलणारा तो सूत्रधार, आणि वर्तमानपत्रात मात्र 'मुख्य सूत्रधार फरार'. समोर येऊन, हात जोडून, सगळं समजावून सांगणारा माणूसच कटामागे असतो, ही शंका मराठी वार्ताहरांना कुबोच्या आधीच आलेली दिसते.

आता दुसरी जात. आयझेन खोटं बोलतो. क्यूबे खोटं बोलत नाही, आणि मला विचाराल तर तो जास्त घाबरवतो.

'पुएला मागी मादोका मागिका' २०११ साली आली. फक्त १२ भाग. मूळ कथा गेन उरोबुचीची, दिग्दर्शन आकियुकी शिनबोचं. क्यूबे हा पांढरा, मांजर आणि ससा यांच्या मधला कापसासारखा प्राणी. शाळकरी मुलींना भेटतो आणि करार सुचवतो. एक इच्छा माग, ती पुरी होईल, बदल्यात तू जादूई योद्धा होऊन चेटकिणींशी लढायचं. अशा मालिकांमध्ये असा गोंडस मार्गदर्शक आधीपासून असतो, त्यामुळे आपल्याला वावगं काही वाटत नाही. थोडं वाटायला हवं. बोलताना त्याचं तोंड हलत नाही. चेहऱ्यावरचं मंद हसू कुणी मेलं तरी तसंच राहतं.

सहाव्या भागातला प्रसंग बघा. करार केलेल्या मुलीकडे एक रत्न असतं, 'सोल जेम'. सायाका ही अशीच एक करार केलेली मुलगी. तिने दुसऱ्या जादूई मुलीशी भांडू नये म्हणून मादोका, तिची जिवलग मैत्रीण, तिचं रत्न हिसकावून पुलावरून खाली फेकते. ते खालच्या ट्रकवर पडतं, ट्रक निघून जातो. इकडे सायाका उभ्या जागी कोसळते. श्वास नाही. मुली किंचाळतात आणि क्यूबे शांतपणे, शिक्षकाच्या सुरात सांगतो, की सायाका मादोकाने फेकून दिली ती, हे नुसतं शरीर आहे. आत्मा काढून रत्नात ठेवलेला असतो आणि रत्न शरीरापासून साधारण १०० मीटरच्या पुढे गेलं तर शरीर चालत नाही. हे आधी का नाही सांगितलं? तर तुम्ही विचारलं नाहीत.

आणखी दोन-तीन भागांनी कळतं की ते रत्न काळवंडलं की ती मुलगी स्वतःच चेटकीण होते, आणि त्या क्षणी सुटणारी ऊर्जा गोळा करायलाच क्यूबे आलेला असतो. विश्वाची ऊर्जा संपत चालली आहे, ती भरून काढायची आहे. त्याच्या दृष्टीने हा सरळ व्यवहार. जपानीत बाई व्हायच्या आधीच्या मुलीला 'शोजो' म्हणतात आणि चेटकिणीला 'माजो'. म्हणून पुढे 'माजो' होणाऱ्यांना 'माहो शोजो', म्हणजे जादूई मुली, म्हणणं योग्यच, असं तो म्हणतो. शब्द पहिल्या दिवसापासून समोर होता. पाठ्यपुस्तकात खोटं एकही वाक्य नव्हतं, फक्त एक पान बांधलेलंच नव्हतं.

हा प्रकार मला इतका ओळखीचा का वाटला, तेही सांगतो. माझ्या पहिल्या नोकरीत एक वरिष्ठ होते. अत्यंत प्रेमळ. रजेचा अर्ज कसा लिहायचा, कुठल्या साहेबासमोर कधी जायचं, कॅन्टीनमध्ये वडा कुठल्या वेळी गरम मिळतो, सगळं त्यांनी शिकवलं. रात्री उशिरापर्यंत थांबवून घेताना पाठीवर हात ठेवायचे. दोन वर्षांनी दुसऱ्याच विभागातल्या मुलाकडून कळलं की जादा तासांचे पैसे मागता येतात. सरांकडे गेलो तर ते मनापासून हसले. "अरे, तू कधी विचारलंच नाहीस!" मी क्यूबेला पुढे अनेक वर्षांनी भेटलो, पण तो आवाज मला पाठ होता.

तिसरी जात सगळ्यात अस्वस्थ करणारी, कारण तिथे माया खरी आहे. 'द प्रॉमिस्ड नेव्हरलँड'ची मांगा काइउ शिराई आणि पोसुका देमिझु यांची, २०१६ ते २०२०. ॲनिमे २०१९ मध्ये आलं. ग्रेस फील्ड नावाचं अनाथालय, हिरवळ, पांढरे स्वच्छ कपडे, आणि सगळ्यांची 'ममा' इसाबेला. मुलं रोज अवघड चाचण्या सोडवतात, चांगले गुण पडले की ममा डोक्यावरून हात फिरवते. छोटी कॉनी दत्तक घरी जायला निघते आणि तिचा कापडी ससा मागे राहतो. तिथलीच थोरली मुलं एमा आणि नॉर्मन तो द्यायला फाटकाकडे धावतात आणि तिथे उभ्या ट्रकमध्ये त्यांना कॉनीचं प्रेत दिसतं. अनाथालय हे राक्षसांसाठी मुलं वाढवायचं शेत असतं. चाचण्या कशासाठी? मेंदू चांगला पोसावा म्हणून. बोकडाला पाला घालावा तसं गणित घालायचं.

लक्षात घ्या, हे गुपित पहिल्याच भागात फुटतं. आयझेनला साठेक भाग लागले. इथे लेखकाला धक्का द्यायचाच नाही. आता आपल्याला माहीत आहे, मुलांना माहीत आहे, आणि कुणाला तरी कळलंय एवढं ममालाही कळलंय. तरी सकाळी न्याहारीच्या टेबलावर सगळे हसत 'गुड मॉर्निंग' म्हणतात. मुखवटा आता दोन्ही बाजूंना आहे. गंमत अशी की मुलांना हे इतकं बेमालूम जमतं, कारण शांत राहून विचार करायला त्यांना शिकवलं कुणी? ममानेच. आणि तिची माया नाटकी नसते. ती स्वतः त्याच शेतात वाढलेली असते, आणि मुलांना मिळेल तेवढं आयुष्य आनंदात जावं असं तिला खरंच वाटत असतं. रागवायचं तरी कुणावर?

या तिन्ही ठिकाणी एक कसोटी लावून बघा. मालिका संपल्यावर पहिले भाग पुन्हा लावायचे आणि गुरूचं प्रत्येक वाक्य दोनदा वाचायचं. एकदा भोळेपणाने, एकदा माहिती घेऊन. दोन्ही वाचनांत ते वाक्य खरं बसलं तर लेखकाने काम केलंय. फक्त दुसऱ्या वाचनात बसलं तर त्याने आधीच भांडं फोडलं होतं. आणि फक्त पहिल्यात बसलं तर शेवटच्या क्षणी कुणीतरी 'याला व्हिलन करू या' म्हटलेलं असतं. असे खलनायक ढिगाने सापडतात. कालपर्यंत लाडू वाटणारे मास्तर आज अचानक खदाखदा हसत जग बुडवायला निघतात. त्यांची नावं घेत बसत नाही.

विश्वास मुरायला वेळही लागतो, लोणच्यासारखा. 'फुलमेटल अल्केमिस्ट'मध्ये शौ टकर नावाचा किमयागार आहे. कथेचे नायक असलेले एल्रिक भाऊ त्याच्या घरी पुस्तकं वाचायला जातात, त्याच्या छोट्या नीनाशी आणि तिच्या मोठ्या कुत्र्याशी खेळतात. सरकारी किमयागाराची वार्षिक परीक्षा तोंडावर आलेली असते आणि टकरला काहीतरी करून दाखवायचं असतं. तो स्वतःच्या मुलीचा आणि कुत्र्याचा मिळून एक बोलणारा प्राणी बनवतो. २००९ च्या मालिकेत हे सगळं एका भागात, चौथ्यात, उरकतं. २००३ च्या मालिकेत भाऊ त्याच्या घरी राहून अभ्यास करतात, त्यांच्याबरोबर आपणही तिथे राहतो, आणि मग सातव्या भागात ते घडतं. घटना तीच. पण मला जुनी मालिका बघून झोप आली नव्हती, आणि नवी बघून आली होती.

हे सगळं जपानी शाळकरी मुलांना इतकं का लागतं, याचा थोडा उलगडा 'शोनेन जंप'च्याच जुन्या तीन शब्दांत आहे. मैत्री, मेहनत, विजय. या साप्ताहिकाची ओळखच ती. गुरू हा मेहनतीच्या खात्याचा माणूस. 'सेन्सेइ' या शब्दाचाही मूळ अर्थ आधी जन्मलेला, म्हणजे पुढची वाट चालून गेलेला. तू घाम गाळ, तो वाट दाखवेल. आयझेन पुढे इचिगोला सांगतो, की तुझी आजवरची प्रत्येक लढाई माझ्या तळहातावर झाली. हे ऐकताना त्या मुलाचा विजय नाही, मेहनत हिरावली जाते. घाम त्याचा होता, वेळापत्रक दुसऱ्याचं.

परवा भाचीचा पुन्हा मेसेज आला. ती चौतिसाव्या भागाच्या आसपास होती आणि तिला काहीतरी वास लागला होता.

"मामा, खरं सांग. आयझेन मरत नाही ना?"

"नाही, मरत नाही," मी लिहिलं.

"शप्पथ?"

"शप्पथ."

वीस मिनिटांनी भिंतीवर तलवारीने खिळलेल्या कॅप्टनचा फोटो आला. खाली एकच शब्द, खोटारडा. मी उत्तर दिलं नाही. तिने काही विचारलंही नव्हतं.